विचारणारी डबी

फार जुनी गोष्ट नाही. एका शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काचेच्या तारांतून उजेडाचे निरोप धाडणाऱ्या दोन डब्या शेजारी राहत. महागडी थोरली कायम एकाच भन्नाट वेगाने निरोप सोडी. स्वस्तातली धाकटी आधी तारेला विचारी, "ताई, आज किती लांब जायचंय?"

"रोज तेच काय विचारतेस गं?" थोरली हसे.

एके दिवशी रस्ता खोदताना जवळची तार तुटली. निरोप शहराला वळसा घालून लांबच्या तारेने जाऊ लागले. थोरलीने त्याच वेगाने सोडलेला उजेड वाटेतच विस्कटला. पलीकडच्या दवाखान्यात तिच्या निरोपातलं एक अक्षरही वाचता येईना. धाकटीने अंतर विचारलं, वेग कमी केला आणि तिथल्या एका रुग्णाचा रक्तगट बिनचूक पोचवला.

पुढचा निरोप सोडण्याआधी थोरली थांबली. मग तारेला हळूच म्हणाली, "ताई, किती लांब जायचंय?"