अर्धा आटा

"मग चोरीला गेलं काय, ते तरी सांग," फकीर म्हणाला.

डॉ. हेरंब उकिडवे अडखळले. गेलं काहीच नव्हतं.

"गेलं नाही, बाबा. पण कुणीतरी हात लावतं. सकाळी माझ्या टेबलावर रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीचं झाकण अर्धा आटा सैल... खोलीची किल्ली दोघांकडेच. माझ्याकडे, आणि शलाकाकडे."

"ही कोण?"

"शिष्या माझी. शेवटची उरलेली. बाकीच्यांना मीच हाकललं. सोमवारी हिलाही घालवतो."

शलाका दर्ग्याच्या पायऱ्यांखाली गाडीपाशी उभी होती. गाडी तिनंच चालवत आणली होती. सोमवारचं तिला ठाऊक नव्हतं.

फकिरानं सुरईतलं पाणी पुढं केलं.

"नको. माझं मी आणलंय."

"आता माझ्यावरही पहारा?" फकीर हसला. "बरं, तुझी विद्या कसली?"

"पहाऱ्याचीच. शरीरात पहारेकरी असतात. परकं शिरलं की ओळखतात, मारतात. उभा जन्म घातला त्यात."

"ओळखायला चुकले तर?"

"तर घरच्यांवरच तुटून पडतात. सांधे खातात."

"मग उपाय?"

"गुंगी द्यायची त्यांना. शहाणं करायचं औषध अजून सापडलं नाही."

उकिडव्यांनी बाटली उचलली. सुजलेली, वाकडी बोटं झाकणावरून घसरली. पुन्हा घसरली. कुणी पाहिलं का, म्हणून त्यांनी मान वर केली. फकीर कबुतरांकडे बघत होता.

"तशी तहान नाही," ते म्हणाले. बाटली ठेवली, हात खिशात घातले. त्या बोटांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

शलाका पायऱ्या चढून आली.

"सर, अकरा वाजले."

ती गोळीची वेळ होती. गोळीचं नाव तिनं घेतलं नाही. वाकून बाटली उचलली, झाकण अर्धा आटा फिरवलं. उघडलं नाही. बाटली सरांच्या हाताशी ठेवली आणि भलतीकडेच बघत खाली उतरून गेली.

उकिडवे झाकणाकडे बघत राहिले.

"बाबा..."

फकिरानं सुरई मागं ओढली.

"चोर येऊन गेला, बेटा. आता पी."