दरबारी आवृत्ती आणि राणीसाहेबांचे पत्ते

विषय : राजवाड्यातील घरगुती संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीमची योग्य आवृत्ती निवडणेबाबत.

संदर्भ : महाराजांचा तोंडी हुकूम, बुधवार, दुपारच्या जेवणानंतर, हात धुताना.

उपरोक्त विषयी वस्तुस्थिती अशी, की टेंभुर्डे संस्थानात संगणक एकूण एक होता. तो राणीसाहेबांच्या माहेरून आहेरात आला होता आणि त्यावर त्या पत्ते खेळत. संगणक ज्या प्रणालीवर चालतो तिच्या तीन आवृत्त्या बाजारात होत्या : घरगुती, कचेरी आणि दरबारी. महाराज रणधुरंधररावांनी काही न विचारता सर्वांत वरची, म्हणजे दरबारी, बसवून घेतली. तिच्यात चारशे संगणक एका हुकमाखाली ठेवण्याची सोय होती. त्यामुळे ती रोज सकाळी जागी झाली, की आधी उरलेले तीनशे नव्याण्णव शोधायला निघे. तेवढ्यात राणीसाहेबांची वेणीफणी होई, पूजा होई, जेवण होई, वामकुक्षीसुद्धा होई. पत्ते काही उघडत नसत.

शेवटी राणीसाहेबांनी महाराजांशी बोलणेच सोडले.

"आवृत्ती सर्वांत वरचीच राहील!" महाराज गरजले. "संगणकही हाच राहील, सासऱ्यांचा आहेर आहे! आणि पत्ते आमचा विडा रंगायच्या आत उघडतील! मुदत उद्या दुपारपर्यंत!"

"सरकार, घरगुती आवृत्ती घातली तर?" दिवाण नरसोपंतांनी चाचरत विचारले.

"घरगुती? आम्ही काय घरगुती राजे आहोत?"

दिवाणांनी हुकूम कागदावर उतरवला, शिक्का मारला आणि फडणिसांकडे धाडला. फडणिसांनी तो किल्लेदाराकडे, किल्लेदाराने पागेकडे आणि पागेने मुदपाकखान्याकडे "योग्य त्या कार्यवाहीस्तव" पाठवला. तिथे आचाऱ्याने तो वाढपीण दुर्गाक्काच्या हातावर ठेवला. दुर्गाक्काच्या हाताखाली कोणी नव्हते. तिच्याखाली फक्त चूल होती. कागद चुलीत सारावा असे तिला क्षणभर वाटलेही, पण तळाशी लिहिले होते : "काम न झाल्यास संबंधित इसमाची नोकरी व राहती खोली काढून घेण्यात येईल."

त्या खोलीत दुर्गाक्का बावीस वर्षे राहत होती. दुसरे घर तिला नव्हते. तिने हात पुसले आणि थेट राणीसाहेबांचा महाल गाठला.

"राणीसाहेब, या यंत्रावर आपण काय काय करता?"

"पत्ते खेळते."

"आणखी?"

"माहेरचे फोटो बघते."

"आणि ते चारशे संगणक ताब्यात ठेवायचं?"

"अक्का, मला एक नवरा ताब्यात ठेवता येत नाही!"

दुर्गाक्का हसली आणि कामाला लागली.

मुदपाकखान्याचा एक रिवाज होता. जेवायला येताना महाराज मंदिल, तलवार, जोडे सगळे उंबऱ्याबाहेर ठेवत आणि सोवळ्याचा मुकटा नेसून पाटावर बसत. गुरुवारी महाराज उंबऱ्याशी आले, तर दुर्गाक्का पळी आडवी धरून उभी!

"थांबावं, सरकार! आज काही उतरवायचं नाही. उलट चढवायचं आहे."

"म्हणजे?"

"आपल्याच हुकमाची तामिली. जेवण झालं की यंत्राचं उत्तर देते."

शिक्क्याचा कागद दाखवून तिने सकाळीच शस्त्रागार उघडवले होते. शिक्का दिसल्यावर कागद वाचण्याची त्या संस्थानात पद्धत नव्हती. महाराजांना चिलखत चढवले, दोन तलवारी बांधल्या, हातांत लोखंडी पंजे घातले, डाव्या हातात ढाल दिली. वर छत्र धरले. शेजारी चोपदार उभा राहिला आणि पहिला घास उचलताच ओरडू लागला, "रणमार्तंड! दुर्गविजयी! गजांतलक्ष्मीपती!" अशा एकूण चौऱ्याऐंशी पदव्या. त्या संपेपर्यंत भातावरचे तूप थिजले.

घास तोंडाशी आला, तर चिलखतामुळे कोपर वळेना. महाराज वाकले, तर ढाल वरणात बुडाली. कढीचा ओघळ गळपट्टीतून आत शिरला आणि थेट पोटाकडे निघाला. दुसरा घास उचलताच चोपदाराने पुन्हा रणमार्तंडापासून सुरुवात केली.

"अगं, जेवू देतेस की नाही?" महाराज ओरडले. "भात खायला चिलखत कशाला लागतं?"

"मग पत्ते खेळायला चारशे संगणकांवर हुकमत कशाला लागते, सरकार?"

पंगतीला बसलेल्या दिवाणांनी तोंडावर उपरणे घेतले.

"पण आम्ही राजे आहोत!" महाराजांनी कढी पुसत शेवटचा वार केला. "आम्हाला सर्वांत वरचंच हवं!"

"बावीस वर्षं मी आपल्याला वाढते आहे. रोज आपण मुकटा नेसून या पाटावर बसता. कोण्या दिवशी आपलं राजेपण उणं झालं? ज्यानं घास तोंडात जातो, तेच घरात सर्वांत वरचं!"

महाराजांनी तिच्याकडे पाहिले, ढालीकडे पाहिले, आणि असे हसले, की चिलखताच्या कड्या खुळखुळल्या आणि आतली कढी बाहेर आली.

त्याच संध्याकाळी घरगुती आवृत्ती बसली. महाराजांनी विडा तोंडात घातला. सुपारी फुटायच्या आत पडद्यावर पत्ते मांडले गेले! राणीसाहेबांनी सहा दिवसांनंतर महाराजांशी पहिले वाक्य उच्चारले, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

महाराज इतके खूश झाले, की त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढून दुर्गाक्काला दिले. "आणखी माग!"

"मुदपाकखान्यात धूर फार होतो, सरकार. एक धुराडं बसवून द्या."

"दिलं!"

"रीतसर अर्ज लागेल," दिवाण म्हणाले.

दुर्गाक्काने अर्ज केला. धुराची खातरजमा करण्यासाठी तीन जणांची समिती आली. तिने मुदपाकखान्यात पाऊण तास काढला, डोळे पुसत बाहेर आली आणि अहवाल दिला, की आत काहीच दिसत नसल्याने धूर आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय देता येत नाही.

अर्ज प्रलंबित आहे.