पितळी पायली

“...मग एवढंच सांगा बाबा, यात खोटं काय आहे?”

नरहर सबनिसानं वही मिटली आणि मांडीवर ठेवली. वाचून वाचून त्याचा घसा कोरडा पडला होता.

उमरशहा फकीर टेकडीवरच्या आपल्या तकियाच्या ओट्यावर बसून गोधडी शिवत होते. सुईत दोरा काही केल्या जात नव्हता. त्यांनी दोरा ओठांत धरून ओला केला.

“खोटं?” ते म्हणाले. “एक अक्षर नाही. सगळं खरं आहे.”

“मग काटेबोरीचे लोक ऐकत का नाहीत?”

फकीरबाबांनी पुन्हा सुई डोळ्यांजवळ नेली.

...

नरहर मोरदुर्ग संस्थानच्या वसूल खात्याचा अंमलदार होता. वय सव्वीस. या हुद्द्यावर इतक्या तरुणपणी आजवर कोणी बसलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी विसरत नसे.

टेकडीच्या पायथ्याला दिसत होतं ते काटेबोरी. गेल्या सुगीपासून या गावानं खात्याचा हिस्सा कोठारावर आणला नव्हता. धान्य बुडवलं होतं म्हणावं, तर तेही नाही. मारुतीच्या देवळामागं पेव खणून त्यात हिस्सा जसाच्या तसा भरून ठेवला होता. वर माती लिंपली होती. ‘आमचं देणं आम्ही काढून ठेवलंय, पण कोठारावर घेऊन येणार नाही,’ एवढंच गाव बोलत होतं.

दिवाणांचा हुकूम निघाला होता. पौर्णिमेपर्यंत हिस्सा आला नाही तर जप्ती. जप्ती म्हणजे बैल हाकलून न्यायचे, दारं बिजागऱ्यांतून उचलून न्यायची. पाच स्वार टेकडीखालच्या चिंचेला घोडे बांधून बसले होते. नरहरनं नुसता हात केला असता तर ते गावात शिरले असते. आणि त्यानं हात केला नाही, तर त्याची जागा जाणार होती.

पौर्णिमा उद्यावर आली होती.

गाव फक्त या फकिराचं ऐकतं, असं त्याला कळलं होतं. म्हणून तो भर दुपारी टेकडी चढून आला होता. सोबत वही होती. वसूल खात्याची सगळी हकीकत त्यानं वर्षभर खपून स्वतःच्या हातानं लिहिली होती. ही वही चावडीवर वाचली की लोकांना खात्याची थोरवी पटेल, अशी त्याची खात्री होती. बाबांनी फक्त लोकांना गोळा करायचं होतं.

...

“बरं वाचता बरं का रावसाहेब,” बाजूनं आवाज आला. “आमच्या हरदासाचा गळाबी इतका गोड न्हाई.”

काटेबोरीची साखराबाई होती. रोज बाबांना भाकरी आणून देई. फडक्यातली भाकरी पुढ्यात ठेवून ती मघापासून खांबाला टेकून ऐकत बसली होती.

नरहरला टोमणा कळला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

“बाबा, खातं नव्हतं तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलंय,” तो म्हणाला. “मक्तेदार होते. जो जास्त बोली बोलेल त्याला वसुलीचा मक्ता. प्रत्येकाचं माप निराळं. कुणी मडक्यानं धान्य घ्यायचा, कुणी भोपळ्याच्या तुंब्यानं.”

“पाहिलंय,” बाबा म्हणाले. “पुढच्या गावातला तर आपल्या पागोट्यानं घ्यायचा.”

साखराबाई खुदकन हसली.

“मग थोरल्या महाराजांनी मक्ते मोडले. बावन्न वर्षं झाली. खातं उघडलं. साऱ्या मुलखात एकच माप केलं. त्या वसुलातून कालवा झाला, घाटाचा रस्ता झाला, त्यावर चौदा पूल झाले. दवाखाना झाला. दुष्काळात कोठारं उघडली तेव्हा अकरा हजार माणसं जगली.” त्यानं वहीवर बोट आपटलं. “आणि ही माणसं काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणे घरून चाळीस पायल्या मोजून निघतो, कोठारावर छत्तीसच भरतात! वाटेत चिमण्या खातात का?”

“आन् दुसरं काय म्हंत्यात, तेबी सांगा की,” साखराबाई म्हणाली.

नरहरचा चेहरा लाल झाला.

“म्हणे खात्याकडं दोन मापं आहेत. एक घ्यायचं, एक द्यायचं.” आता तो सरळ तिच्याकडं वळला. “बाई, मी स्वतः चावडीवर पायली उलटी करून दाखवली. बुडाला मुद्रा दाखवली. तुमच्या पाटलानं बोट फिरवून पाहिली. घ्यायला हीच पायली आणि द्यायला हीच. दुसरी आहेच कुठं?”

“म्या कुठं पायलीला नाव ठेवलं?”

“मग कशाला ठेवलं?”

साखराबाई बाबांकडं पाहत राहिली.

“पायली आणलीयेस?” बाबांनी विचारलं.

नरहरनं बस्ता सोडला. बस्त्यात कोरे कागद, दौत, ओळी आखायचा लाकडी रूळ आणि फडक्यात गुंडाळलेली पितळी पायली होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली. ती जवळ असल्याशिवाय तो कुठं जात नसे.

बाबांनी गोधडी बाजूला सारली. कोपऱ्यातली झोळी ओढली आणि घोंगडीवर पालथी केली. चार गावची भिक्षा ती. जोंधळा, थोडी बाजरी, त्यात एखादा हरभऱ्याचा दाणा.

“माझ्याकडून खात्याचा हिस्सा घे.”

नरहर हसला. “फकिराला माफी आहे, बाबा. तिसरं कलम.”

“माफी नको. घे.”

“अहो पण...”

“शीव ओलांडून भीक मागतो मी. तुझ्या चौदा पुलांवरून चालतो. घे.”

...

नरहरनं अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि घोंगडीपाशी गुडघ्यांवर बसला.

खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. त्याच्या घराण्यात चार पिढ्या मापाचं काम चालत आलं होतं. तो पाच वर्षांचा असताना आजोबांनी त्याला नदीच्या वाळूवर मापायला शिकवलं होतं. आता तो अंमलदार होता, मापायला हाताखाली माणसं होती. पण हात विसरला नव्हता.

पायली धान्यात बुडाली, भरून वर आली. दोन्ही तळव्यांचा त्यानं काठावर आडोसा केला, वरून ओंजळ सोडली. पुन्हा ओंजळ. पायलीच्या तोंडावर धान्याची शीग चढू लागली, देवळाच्या कळसासारखी. दाणे घरंगळून घोंगडीवर पडत होते आणि शीग वर वर जात होती. टोकाला एकच दाणा उभा राहिला तेव्हा त्यानं हात काढले.

“लाभ,” तो म्हणाला. घेताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही.

“काय हात हाय!” साखराबाई म्हणाली. या वेळी ती टोमणा मारत नव्हती.

नरहरनं ती पायली एका बाजूला रिती केली आणि उठू लागला.

“बस,” बाबा म्हणाले. “आता दुष्काळ पडलाय असं समज. कोठार उघडलंय. मी रांगेतून तुझ्यापुढं आलोय.” त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून पसरलं. “दे.”

नरहरनं पायली बुडवली. भरून वर काढली. उजव्या हाताची कड काठावरून एकदा फिरली... सुरेख, सरळ, पाण्यावरून फिरावी तशी. वरचे दाणे मागच्या ढिगात पडले. पायली फडक्यात पालथी झाली.

“एक,” तो म्हणाला.

आणि दुसऱ्या मापासाठी त्यानं हात घातला.

...

बाबांनी हात आडवा केला.

नरहरला आधी कळलं नाही की आपल्याला का थांबवलं. त्यानं वर पाहिलं. बाबा त्याच्याकडं पाहत नव्हते. ते त्या दोन ढिगांकडं पाहत होते. एक खात्याचा, एक भुकेल्याचा. लहान पोरालाही डोळ्यांनी कळावा एवढा फरक होता.

त्यानं पायली खाली ठेवली.

“पुन्हा घे,” बाबा म्हणाले.

त्यानं पुन्हा पायली भरली. या वेळी तो आपल्या हातांवर नजर ठेवून होता. तळवे आपोआप उचलले गेले, काठाशी आले, आडोसा करू लागले. त्यानं ते मध्येच थांबवले. थांबवायला जोर लावावा लागला.

“ही... ही रीत आहे, बाबा.”

“असेल.”

“घेताना शीग लावायची. देताना सपाट, म्हणजे सगळ्यांना पुरतं. मापाऱ्याचं पोर असंच शिकतं. महाराजांनी सांगितलेलं नाही. दिवाणांनी सांगितलेलं नाही. कुठल्या कलमात नाही. हे कुठंच लिहिलेलं नाही!”

“होय,” बाबा म्हणाले. “मघापासून मी तेच पान शोधतोय.”

नरहरनं वहीकडं पाहिलं. दोनशे बारा पानं होती. त्याचं अक्षर सुंदर होतं.

साखराबाई खांबाचा टेका सोडून पुढं सरकली. तिनं घोंगडीवरचा एक दाणा उचलून ढिगात टाकला.

“दुष्काळात तुमचे आजे व्हते कोठारावर,” ती म्हणाली. “लई मायेचा मानूस. ‘ये गं बाई, उन्हात नगं उभी राहू’ म्हनायचे. पोरांच्या तोंडावरनं हात फिरवायचे...” ती थांबली. “आन् मग पायलीवरनं फिरवायचे.”

नरहर आपला उजवा तळवा पाहत राहिला.

आजोबांना त्यानं कधी कुणाचं कणभर खाताना पाहिलं नव्हतं. कोठारातून घरी परतताना ते उंबऱ्याशी उभं राहून धोतराचे सोगे झटकायचे. सरकारचा दाणा घरात येऊ नये म्हणून. त्यानं ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. तेही खरं होतं.

...

तो उठला. कमरेच्या शेल्यातून जप्तीचा कागद काढला. त्याची चार घड्यांची घडी होती ती त्यानं आठ घड्यांची केली आणि दौतीखाली दाबून ठेवली. मग ओट्याच्या कडेला जाऊन त्यानं खाली हाक मारली.

“जमादार! घोडे सोडा. परत जा.”

जमादार खालून ओरडला. “सरकार, उद्या पौर्णिमा हाय! दिवाणसाहेबास्नी काय सांगू?”

“सांगा, सबनीस एकटा गावात गेलाय.”

“एकटं?” जमादार मोठ्यानं हसला. “मग पागोटं इथंच ठेवून जावा सरकार, न्हाईतर गाव तेबी हिसकून घेईल!”

नरहर हसला नाही. घोड्यांच्या टापा लांब जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग तो मागं आला.

“उद्या देवळामागचं पेव उघडायला सांगतो. मीच मापतो.”

“तूच?” बाबांनी विचारलं.

“मीच. दुसरा मापारी बोलावला तर त्याचाही हात असाच शिकलेला असणार.” त्यानं बस्त्यातून ओळी आखायचा रूळ काढला, पायलीच्या काठावर आडवा ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. वरचे दाणे खाली पडले. पायली काठोकाठ उरली. “घेतानाही असं, आणि देतानाही असंच.”

“आन् हात पुन्हा वर गेला तर?” साखराबाईनं विचारलं.

“तर तुम्ही ओरडा.”

“व्हय की! सगळ्या बायकाच म्होरं बसवते. न्हाईतरी पुरुष मान्सं वरडायला लाजत्यात.”

नरहरनं पायली झोळीत रिती करून फडक्यात गुंडाळली. वही बस्त्यात ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बाहेर काढली. शेवटची पानं कोरी आहेत का ते पाहिलं. होती. ती परत ठेवून त्यानं बस्ता बांधला.

“तुम्ही चला ना, बाबा. तुम्ही असलात तर गाव ऐकेल.”

“मी कशाला? माझ्या हातात सुई आहे.”

बाबांनी गोधडी पुन्हा मांडीवर ओढली होती. दोरा अजून ओवला गेला नव्हता. नरहर ओट्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. इतका वेळ मनात घोळत होतं ते शेवटी त्याच्या तोंडून बाहेर पडलंच.

“बाबा, दिवाणांकडं बावन्न वर्षांचे आकडे आहेत. सगळे शिगेचे. मी रूळ फिरवून मापलं तर चाळिसाला चार पायल्या कमी पडतील. आजपर्यंत कुठल्याच अंमलदाराच्या हातून एवढी तूट आलेली नाही. माझी जागा राहणार नाही, ते मी सोसेन. पण दिवाण तोंडावर विचारतील, हिस्सा अपुरा का आणलास? तेव्हा काय सांगू?”

साखराबाई पायऱ्यांवरून पुढं निघाली होती, तीही वळून थांबली.

बाबांनी दोरा सुईत ओवला. गाठ मारली. टोक दातांनी तोडलं.

“सांग... काटेबोरीचा हिस्सा यंदा पहिल्यांदाच पुरा आला.”