धबधब्यासमोरचे कीर्तन

ज्याच्या करुणेचा ओघ कधी खंडत नाही, त्या सर्वसाक्षी नारायणाच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो.

एकदा एक तरुण कीर्तनकार आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. तापातून उठल्यावर त्याचा गोड गळा घोगरा झाला होता. रामनवमीच्या उत्सवात वरचा स्वर फाटला आणि पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. त्यानंतर तो कीर्तनाला उभाच राहिला नव्हता.

"बुवा, मला रजा द्या," तो खाली मान घालून म्हणाला. "गोकुळाष्टमीचे कीर्तन दुसऱ्या कोणाला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा त्याला घेऊन घाटातल्या सदाहरित अरण्यात शिरले. वृक्षांच्या दाटीतून ऊन खाली उतरत नव्हते. पायांना जळवा चिकटत होत्या.

"यांना निरूपण ऐकवायचे आहे का, बुवा?" शिष्य वैतागला.

"त्या तुझ्याहून बऱ्या. एकदा धरले की सोडत नाहीत."

झाडी सरली आणि समोर प्रचंड धबधबा कोसळताना दिसला. बोललेले ऐकू येईना. बुवांनी त्याला खुणेनेच कड्यासमोर उभे केले, स्वतः ओल्या शिळेवर श्रोत्यासारखी मांडी घातली आणि 'म्हण' म्हणून हात केला.

शिष्याला काही उमजेना. तरी गुरूंची आज्ञा म्हणून त्याने अभंग धरला. स्वतःचा स्वर त्याच्या स्वतःच्याही कानी येत नव्हता. तो लागला की फाटला, हे कळायला मार्गच नव्हता. हळूहळू अभंगातला देव तेवढा उरला. डोळे केव्हा मिटले, हेही त्याला कळले नाही.

परतताना गर्जना मागे पडली, तेव्हा त्याने विचारले, "काही ऐकू आले का?"

"एक अक्षरही नाही."

"मग अभंग संपवून मी डोळे उघडले, तेव्हा आपण डोळे का पुसत होता?"

"अरे, आजवर तू प्रत्येक कडव्यानंतर माझ्या तोंडाकडे पाहायचास. माना डोलतात का, तेही पाहायचास. आज अभंग संपेपर्यंत एकदाही पाहिले नाहीस. गळा गेला तेव्हा तुला वाटले, देवाशी बोलणेच संपले. बोलणे तर आज सुरू झाले."

शिष्याच्या छातीवरची धोंड उतरली. "अष्टमीला मीच उभा राहतो, बुवा," तो म्हणाला आणि घोगऱ्या गळ्यानेच गुणगुणू लागला. खालच्या वाडीत ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या एका म्हातारीने मान वर न करताच त्याचे धृपद उचलले. तिला सूर आवडला का, हे पाहायला तो थांबला नाही. त्याने पुढचे कडवे घेतले.

ऐकणाऱ्या प्रत्येकाची हाक, ती कशीही उमटो, त्या दयाघनापाशी पोहोचो. आणि घरोघरी नामाचा आनंद नांदो.