गोजराचं लाल तोंड

भाजक्या चण्यांचा खमंग वास जिथवर पोचायचा, तिथवर गावाची शीव. अशा त्या टीचभर गावात गोजरा नावाची एक भडभुंजीण राहायची. भट्टीपुढे बसून बसून तिचे गाल नि नाक कायमचे लालभडक झाले होते, कपाळावर काळसर डाग पडले होते.

गावची रीत अशी, की लग्नहोमाच्या लाह्या नवरीच्या ओंजळीत भडभुंजिणीनंच स्वतःच्या हातानं घालायच्या. शेजारच्या सगुणेचं लग्न पंधरवड्यावर आलं. गोजराच्या मांडीवर लाह्या खात वाढलेली पोर ती! आणि गोजरा म्हणत होती, "टोपली पाठवते. हे तोंड घेऊन मांडवात नाही येत, बाई."

सल्ले द्यायला गावात काय तोटा! एकीनं लिंबू सांगितलं, दुसरीनं राख, तिसरी म्हणाली, मसुराच्या पिठानं खसाखसा घास. बिचारीनं सगळं केलं. तोंडाची नुसती आग आग झाली. शेवटी ती रडतच म्हाताऱ्या वैदिणीकडे गेली.

वैदिणीनं विचारलं, "कढईतले चणे करपायला लागले, की काय करतेस?"

"जाळ ओढून घेते."

"मग तोंडाखाली कसली लाकडं सारतेस गं बये? बंद कर ते लिंबू नि राख. गार पाण्यानं हळूच धू. भट्टीपुढे बसताना तोंडाला ओलं फडकं बांध. उन्हात हिंडू नकोस."

"लाली जाईल ना, आजी?"

"आग जाईल. लाली थोडी उरेल, डागही उरतील. खोटं कशाला सांगू?"

तसंच झालं. लग्नाच्या दिवशी एक शेजारीण वाटीत पांढरा लेप घेऊन आली. "आजच्यापुरता थाप की! कुणाला कळतंय?"

गोजरानं वाटी घेतली. गालाला हात लावून पाहिला. कित्येक दिवसांनी गाल दुखत नव्हता. तिनं वाटी परत दिली, लाह्यांचं सूप उचललं आणि तशीच मांडवात गेली.

नवरीच्या चिमुरड्या बहिणीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, तुझं तोंड लाल का गं?"

गोजरा म्हणाली, "माझी कातडी नाजूक आहे, बाळा. तिला धग सोसत नाही."

"दुखतं?"

"आता नाही."

"बरं. मग मला लाह्या दे."

"आधी मला!" सगुणा म्हणाली. "केव्हाची ओंजळ धरून बसलेय मी, मावशी. तू येतेस की नाही म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता."

तात्पर्य: दुखऱ्या कातडीला उपायांनी आणखी छळू नये, तिला विसावा द्यावा, आणि डाग उरले म्हणून आपल्या माणसांना ताटकळत ठेवू नये.