चंदाची पोच

एका वाडीवर लिंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. शाळेत शिपाई होता. तिथल्या शिक्षिका बिराजदारबाई सांगतील ते तो तंतोतंत पाळायचा, तेवढीच त्याची खोड.

त्या शाळेत तिसरीतली चंदा रोज प्रार्थनेला चक्कर येऊन पडायची. अंगात रक्तच नव्हतं पोरीच्या. सरकारला फार काळजी. वर्षातून एकदा राजगिऱ्याचे लाडू पाठवायचं. लिंबाजीनं खोकं ओट्यावर ठेवलं. शेळ्यांनी फडशा पाडला. शेळ्यांची तब्येत सुधारली.

"अरे, सरकारी ते कुलपात ठेवावं!" बाई ओरडल्या.

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

मग पोरं तपासायला डॉक्टर आले. सरकारी. लिंबाजीनं त्यांना वर्गात बसवून बाहेरून कुलूप घातलं. किल्ली सापडेपर्यंत डॉक्टरांची वेळ संपली. खिडकीच्या गजातून त्यांनी चंदाचे डोळे पाहिले, टॉनिकची बाटली दिली आणि सुटका होताच जीप गाठली.

"अरे, सरकारचं येईल ते पोरांना वाटायचं असतं!"

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

लिंबाजीनं बाटली वाटली. तीस पोरांना एकेक चमचा. चंदा रांगेत शेवटी. तिला बूच चाटायला मिळालं. मला तर इथं हसू येत नाही, पण पुढं ऐका.

बाईंनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, ज्याचं त्याला नेऊन द्यावं! आणि पोच घ्यावी!"

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

सव्वीस जानेवारीला तालुक्याचे साहेब आले. तासभर बोलले. "ही लेकरं सरकारची! यांच्या तब्येतीची जबाबदारी सरकारची!" टाळ्या पडल्या. चंदाही पडली, उन्हात.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं चंदाला खांद्यावर घेतलं आणि चार कोस चालून तालुक्याचं ऑफिस गाठलं. तिला टेबलावर बसवून म्हणाला, "सरकारचं लेकरू आणलंय. पोच द्या."

कारकुनानं वर न बघताच कागदावर शिक्का मारला, सही केली. इतक्यात साहेब आले.

"हे काय? उचल ती पोरगी!"

"कशी उचलू सायेब? पोच मिळाली."

"सरकारची आहे म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की. काल."

साहेब लालबुंद झाले. "अरे मूर्खा, ते भाषण होतं!"

लिंबाजी ओशाळला. एवढी मोठी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

"बरं सायेब," तो म्हणाला, "ध्यानात ठेवतो." आणि चंदाला टेबलावरच ठेवून, पोचेची नीट घडी करून, ती कुलपात ठेवायला वाडीकडं निघाला.