टेम्पो आला!

गाड्या आपापसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. शिवा खारव्याने मासे विकायला विजेची नवी गाडी घेतली आणि डिझेलचा जुना टेम्पो अंगणात फणसाखाली उभा केला.

नवी गाडी घाट एका दमात चढायची. आवाज म्हणाल तर फुलपाखराएवढाही नाही. पहिल्याच दिवशी ती टेम्पोला म्हणाली, "आजोबा, केवढा खडखडाट करायचात हो तुम्ही! लाज नाही वाटायची?"

"वाटायची गो, खूप वाटायची," टेम्पो म्हणाला.

पण ती वाडीवर पोचली, की एकही दार उघडत नसे. शिवा हॉर्न वाजवी. पण हॉर्न काय, येणारा-जाणारा प्रत्येकजण वाजवतो. शिवाने फेरी बंद केली, असंच वाडी धरून चालली होती. बांगडे तसेच परत येत. ती मुकाट्याने फणसाखाली येऊन उभी राही.

महिन्याभराने शिवाने टेम्पो भंगारात द्यायचं ठरवलं. मासे भरलेल्या नव्या गाडीमागेच त्याला दोरखंडाने बांधलं. टेम्पो बंद, पण पत्रे सगळे ढिले. वाडीच्या चढावर ते खडखडू लागले.

आणि दारं उघडली. "अगो, टेम्पो आला!" बायका ताटं घेऊन धावत सुटल्या. नव्या गाडीचा ऊर भरून आला.

बायका तिच्या कडेने मागे निघून गेल्या.

"होतास कुठे रे इतके दिवस?" एकीने टेम्पोच्या गंजक्या पत्र्यावर हात फिरवत विचारलं.

"मी रोज येत होते हो," नवी गाडी म्हणाली, तेही अगदी हळू.